चालू स्थितीत

माझी अट एकच : वस्तू चालली पाहिजे.
सांगलीच्या शनिवार बाजारात, पोत्यावरच्या नटबोल्टांच्या ढिगात
हात घालून बसतो. बाबालाल हसतो,
"वायरमनसाहेब, बत्तीस वर्षं पोलावर चढला,
आता हे काय, बोटभर मिक्सर?"

बोटभरच. पण दोन सेल घातले की
एक शेंगदाणा बारीक करतो. एकच.
इस्त्री आहे, पत्र्याची, काडेपेटीएवढी,
ती तापते. अंगठ्याला चटका बसला, खराखुरा,
काय आनंद झाला सांगू!

घरचे म्हणतात, उडवा पेन्शन अशीच.

काल शिलाई मशीन मिळालं. हिरवं. ओंजळीत मावणारं.
गंज खरवडला, थेंबथेंब तेल सोडलं.
सुईत अजून कुणाचा तरी निळा दोरा,
दात्यांवर चिंधी, बाहुलीचा परकर असावा,
अर्धाच शिवलेला,
त्यावर गाळाची रेघ. पाच सालच्या पुराची असेल.
म्हणजे पोरगी आता तिशीत.

हँडलवर बोट ठेवलं.
फिरतंय का, एवढंच बघायचं होतं.
एक टाका पडला.

हात काढून घेतला.
बाकीचे तिचे.

वहीत नोंद केली :
शिलाई मशीन, हिरवं. चालू.