रिकामा रकाना

मिरजेत, डोळ्यांच्या दवाखान्यात
जिन्याखाली माझी खोली. पंखा आहे, खिडकी नाही.
डॉक्टर म्हणाले, शिकलगार, यादी काढा,
दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ज्यांचं झालेलं नाही त्यांची.
सोमवारी गाडी पाठवू.

सोपं होतं.
'झालं' बरोबर 'हो', आणि त्याच्या अलीकडं एक नॉट.
हो-वाले सगळे खाली गळाले,
चाळणीत राहिली एकशे बारा माणसं,
आरग, बेडग, म्हैसाळ, सलगरे.
चहा गार व्हायच्या आत काम झालं.

आपल्याकडं नकाराला किती घरं.
अम्मी ताटावर हात आडवा धरते, ते नको.
तिन्हीसांजेला केर काढू नये, ते नये.
चष्मा उलटा करून बघत कुणी म्हणतं,
हा माझा नव्हे.
आणि मुलगी बघून गेलेल्या पाहुण्यांचं
'कळवतो'.
मशीनला एकच येतो.

मंगळवारी सुंदराबाई खरमाटे आल्या,
बेडगहून, एसटीनं, स्वतःच्या तिकिटानं.
"गाडी आली वो गावात. समद्यांची नावं पुकारली.
मी हाय का न्हाई तुमच्यात?"

झालेल्यांत बघितलं. नव्हत्या.
न झालेल्यांत बघितलं. तिथंही नव्हत्या.
त्यांच्यापुढचा रकाना कोरा.
शिबिराच्या दिवशी लाइट गेली असेल,
किंवा जेवणाची सुट्टी झाली असेल.
शून्य असतं तर मोजलं तरी असतं.
कोऱ्याला नॉट लावलं तर कोरंच राहतं.
'माहीत नाही'च्या उलट काय?
तेही माहीत नाही.

मग खाली एक ओळ वाढवली,
किंवा रकाना रिकामा असेल तर, तेही द्या.
एकशे बाराचे तीनशे सहा झाले.
मी खुर्ची थोडी मागं सरकवली.

"बाई, दुसरा डोळा झालाय का तुमचा?"
"न्हाई की. कुणी इचारलंच न्हाई."
मी टाइप केलं, नाही.
इतक्या वर्षांत एखादं नाही लिहून
असं हलकं वाटलं नव्हतं.
त्या आपोआप वरच्या यादीत गेल्या,
एकशे तेराव्या,
आणि बाकावर पाय वर घेऊन बसल्या
डोळ्यात थेंब घालून घ्यायला.

एकशे त्र्याण्णव जणांना अजून विचारायचंय.
फोन लावायला घेतला,
तर बऱ्याच जणांचा
फोनचा रकानाही