ओळ सतरा

एकतीस वर्षं मी या काउंटीची घरपट्टी
घडी घालून पाकिटात भरत आले.
पूर्वी एकच आकडा असायचा, तळाशी, उजवीकडे,
आतून कडी लावलेल्या दारासारखा.
माणसं यायची, खिडकीवर बिल आपटायची,
मी म्हणायची, दर वाढलेत, मी काय करू.
खरं तर मलाही ठाऊक नसायचं
कशाचे वाढले, कुणी वाढवले.

मग राजधानीत कायदा झाला.
पै न पै कुणाकडे जाते ते बिलावर लिहावं,
शेजारी गेल्या वर्षीचं लिहावं,
वाढवणाऱ्याचं नाव, सुनावणीची तारीख,
आणि अक्षर बारा पॉइंटांहून लहान नसावं.
हे शेवटचं कलम कुणाच्या तरी आईने सुचवलं असणार.

छापखान्यातला मर्ल रडकुंडीला आला.
शाळा, रस्ते, शेरीफ, आगीचा बंब,
वाचनालय, डास, दफनभूमी,
एका पानात मावेना. पान वाढवलं,
पाकीट वाढलं, टपालखर्च वाढला,
तोही कुठल्याशा ओळीत येऊन बसला.

मला वाटलं होतं, लोक खवळतील.
खवळले थोडे. बरेचसे नुसते वाचत राहिले
गाडी चालू ठेवून, धुरकट काचांआड.
ओडेसा क्विन म्हणाली,
"म्हणजे नवऱ्याच्या थडग्यावरचं गवत कापायला
मी वर्षाला चार डॉलर देते होय?
बरं कापतात की मग."
आणि सावकाश, वळणदार अक्षरात चेक लिहिला.

एमेट ड्रोझ्ड मात्र सतराव्या ओळीवर बोट ठेवून उभा.
'निचरा जिल्हा क्रमांक चार: दोन डॉलर एकोणीस सेंट.'
कुठला ओढा? कसला निचरा?
"एकोणीस सेंट कोण खातं तेवढं सांग," तो म्हणाला,
"दोन डॉलर मी माफ केले."

तळघरात माझ्या दोन दुपारी गेल्या.
ओढा कधीच सिमेंटच्या नळात गेलेला,
त्यावर आता ट्रॅक्टरचं दुकान.
मंडळावर सदस्य तीन.
हॅल्वर्ड नेस, वारले.
क्लेटस बाउअर, वारले.
तिसरी सही निळ्या शाईत, तिरकी,
गुडघ्यावर कागद ठेवून केल्यासारखी:
एमेट ड्रोझ्ड.

तो पाहत राहिला.
"गाय अडली होती त्या रात्री," म्हणाला,
"क्लेटस म्हणाला सही कर. केली."
मग, जरा वेळाने,
"कालवड झाली होती."

कायद्यात पळवाट नव्हती. सुनावणी लागली,
मंगळवारी, संध्याकाळी सातला.
लांब टेबल, तीन खुर्च्या, पाण्याचा जग.
एमेट मधल्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात.
मग उठला, टेबलाला वळसा घालून समोर आला
आणि करदाता या नात्याने
रिकाम्या खुर्चीला फैलावर घेतलं:
इतकी वर्षं! एकदा तरी विचारायचंस!
परत जाऊन बसला,
ऐकून घेणाऱ्यासारखी मान हलवली.

ठराव मांडला: जिल्हा बरखास्त करावा.
"अनुमोदन?" मी विचारलं,
इतिवृत्तात तसा रकाना असतो म्हणून.
बाहेर बर्फ भुरभुरत होतं.
आम्ही खरंच थांबलो, मिनिटभर तरी,
उजवी-डावीकडच्या खुर्च्यांतून
कुणी हात वर करतंय का ते पाहत.

अनुमोदनाअभावी ठराव बारगळला, मी लिहिलं.
नवे सदस्य निवडायचे तर निवडणूक हवी,
निवडणुकीला लागतात नऊशे डॉलर,
जिल्ह्याच्या खात्यात सहाशे अकरा.

या वर्षीही ती ओळ आहे.
खाली जबाबदार व्यक्तीचं नाव, बारा पॉइंटात,
चष्म्याशिवाय वाचता येईल असं.
एमेट पहिल्याच दिवशी येतो.
बाकीचा चेक देतो,
आणि सतराव्या ओळीचे सुटे पैसे
वेगळे मोजतो, खिडकीच्या फळीवर,
एकेक नाणं बोटाने माझ्याकडे सरकवत.