किल्यायची साल

ताल्काच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
बाबांच्या हातात सुई.
थेंब पडतो, मग बराच वेळ पडत नाही.
"यात काय आहे?" एलेउतेरिओ वेर्दुगो विचारतात,
चाळीस वर्षं किल्यायची साल सोललेला माणूस.

औषध पाण्यात विरघळत नाही, मी सांगते.
म्हणून त्याला वाहून नेणारे रेणू:
डोकं पाण्यावर जीव टाकणारं,
शेपटी पाण्याला विटलेली.
थोडे असतात तेव्हा पृष्ठभागावर
एकेकटे उभे, शेपट्या हवेत.
मग आणखी चिमूटभर,
आणि सगळे एकदम आत वळतात,
शेपट्यांना शेपट्या लावून गोल धरतात.
मधल्या कोरड्या जागेत औषध.

"आणि रक्तात गेल्यावर?"
रक्त फार मोठं आहे, बाबा. तिथे ते पुन्हा पांगतात.
काही गोल वेळेआधीच सुटतात.
त्यावरच तर माझी नोकरी चालते.

ते खिडकीकडे बघत राहतात.
"तुझी आई साल उकळून पोंचो धुवायची.
तेलाचा डाग निघायचा,
पण तोच हात डोळ्याला लागला की आग."
हो, हेही चावतं कुणाकुणाला.
म्हणून तर नर्स पहिली पंधरा मिनिटं
इथून हलत नाही.

"म्हणजे साबणच."
साबणच.

ते हसतात, आणि त्यांना शिंक येते.
सालीची धूळ इथे कुठेच नाही,
तरी सवयीनं मनगट नाकाशी नेतात,
नळी ताणली जाते.

नर्स एक पाऊल पुढे येते.