पुरावा जोडा

फैजपूरच्या अभ्यासकेंद्रात
अर्जाचा रकाना क्रमांक नऊ:
पूर्वीचे शिक्षण किंवा कामाचा अनुभव.
पुरावा जोडा.

काय जोडू, मॅडम?
सव्वीस वर्षं पंपाच्या मोटारी भरतोय,
केळीच्या मळ्यांतल्या, पाच एचपी, साडेसात.
जळालेलं वाइंडिंग नाकाशी धरलं
की सांगतो, एक फेज गेली होती
की बेअरिंग जाम झालं होतं.
वासाची झेरॉक्स निघत नाही.

याकूब उस्तादांनी शिकवलं.
"मोजू राह्यला तं मनात मोज, भो."
वेढे चालू असताना
कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.
सर्टिफिकेट म्हणजे
चुकलो की डोक्यात टप्पल,
नाही चुकलो की अर्धा चहा.

मॅडमनी तोंडी विचारलं,
मग स्टार-डेल्टा काढायला लावलं.
कागदावर माझी रेघ थरथरली.
तारेत कधी थरथरत नाही.

बारा क्रेडिट, म्हणाल्या. एक सेमिस्टर माफ.
त्यातले निम्मे उस्तादांच्या नावावर
टाकता येतील का, विचारलं.
त्या हसल्या नाहीत.
नियमांची वही चाळली, शेवटपर्यंत,
मग नाही म्हणाल्या.

उठता उठता वर पाहिलं.
"कंडेन्सर गेलाय पंख्याचा.
स्टूल आहे का?"