नोव्हेंबरची मापं

तीस वर्षं बोटी दुरुस्त करतोय,
फायबरग्लासची खाज मला नवी नाही.
नवं होतं ते कागदाला बोट समजणं.

टोबिननं जाड कागदाला घड्या घालून
चिलखत उभं केलं होतं,
सत्तेचाळीसला सत्तेचाळीस चिकटवत,
जीभ दातांत धरून.
मी म्हटलं, आधी बाहेरून पातळ हात दे,
आत काड्यांचे टेकू लाव,
ओला कागद मनाला येईल तसा वाकतो.

डुलुथची थंडी. गॅरेजात हीटर,
तरी रेझिन रात्रभर चिकटच.
तो दोनदा उठून हात लावून आला.
तिसऱ्यांदा मी.

मग आतून काचेचं कापड,
थेंब मोजून हार्डनर,
ब्रशनं टोचून टोचून बुडबुडे काढणं.
कप हातात तापला.
भिजलेल्या कागदातून
त्याचे आकडे वर दिसू लागले.

एप्रिलमध्ये घालायला गेला,
तर खांदे शिरेनात.
नुसता कागद असता तर पट्टी जोडली असती.
टिचकी मारली : टणक.
नोव्हेंबरचा पोरगा
जसाच्या तसा, आतून रिकामा.

मी मास्क चढवला, करवत घेतली,
दोन्ही बगलांखाली उभं चिरलं.
तो तळ्याकडे बघत राहिला.
बुटाच्या नाड्यांनी आवळू, म्हणालो,
चार बोटं फट राहील, एवढंच.

"आणि पुढच्या वर्षी?"
लांब नाड्या आणू.

रात्री दोघंही
मनगटं खाजवत जेवलो.