उलटं जाळं

रात्री अडीचला पुन्हा कोसळला घुमट.
तीनशे बाराव्या गाठीपाशी आकडे फुटले,
लॅपटॉपचा पंखा गरगरत राहिला.
वेसाव्याच्या मासळी बाजाराला छत हवंय,
मधे खांब नको, एका विटेच्या जाडीचं,
सोमवारच्या आत.

सकाळी किनाऱ्यावर गेले. पोशा भानजी
बांबूंना टांगलेल्या जाळ्याखाली
निळ्या दोऱ्यानं भोक सांधत होता.
जाळं मधोमध ओथंबलेलं,
आपल्याच वजनानं आपला आकार शोधून थांबलेलं.

काका, माझं फाटतंय.
सुई दातात धरून त्यानं स्क्रीन पाहिला.
"कवरा ताणलास! जाल्याला ढील दे."

तिथंच, वाळूत मांडी घालून,
प्रत्येक दोरीची लांबी शेकडा चारनं वाढवली.
जाळं झोळीसारखं खाली आलं, हललं, निवलं.
मग गुरुत्वाकर्षणाआधीचं उणे चिन्ह पुसलं
आणि ते उठलं.
जिथे ताण होता तिथे दाब,
वीट विटेला रेटून उभी.

पोशाकाका बघत राहिला बराच वेळ.
"उलटा टांगलास.
आता यान म्हावरा कुठशी येल?"

खालून, मी म्हटलं. टोपल्यांतून.

तो हसला नाही.
त्याचं भोक अजून वीतभर बाकी होतं.