दोन सेकंद

हिरावाडीचं मैदान. जानेवारी. सकाळचे सात.
गोदेकडून आलेलं धुकं
फक्कीच्या रेघांवर बसून होतं.
तीन हजार मीटर, साडेसात फेऱ्या.

चिंची भोये, सुरगाण्याच्याही पलीकडची,
मोठ्या बहिणीच्या बुटांत कापूस कोंबून आलेली,
पाचव्या फेरीतच
शेवटच्या मुलीच्या पाठीशी पोचली.

शेवटची तेजल निकुंभ. सातपूरची.
वडील लेथवर; रात्रपाळी संपवून
तसेच आलेले, हातात डबा,
कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून उभे.

मी त्यांची बोटं पाहिली
आणि ओरडले,
"चिंचे, दमानं! जिंकलीच आहेस तू."

मला हेच शिकवलेलं.
खिलाडूपणा म्हणजे मागच्याची लाज राखणं,
शेवटची भाकरी पाहुण्याला सोडावी तसं.
मुलीनं ऐकलं.
पोरी ऐकतात, तोच तर घोळ आहे.
खांदे उतरले, पावलं आखडली,
घरात कुणी आजारी म्हणून
गळा असलेल्या बाईनं कुजबुजावं
तशी ती पळू लागली.

तेजलनं मान वळवली.
धापेतून म्हणाली, आणि साऱ्या मैदानाला ऐकू गेलं,
"पळ की गं! माझ्यासाठी कशाला थांबतेस?
मी काय मेलेय?"
आणि एक पाऊल बाजूला सरकली.

त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही.
धुकं फाटलं म्हणावं, तर ते तिथंच होतं.
फक्त एक मुलगी
पहिल्यांदाच स्वतःच्या मापानं पळत होती,
मोठ्या बुटांत.

मी बटण दाबलं.
राज्याच्या निवडीला दोन सेकंद कमी पडले.
ते दोन सेकंद कुणाचे,
हे तिनं विचारलं नाही. मीही बोलले नाही.

तेजलची सव्वा फेरी अजून उरलेली.
सायरन झाला असता तर बरं, असं वाटण्याइतकी शांतता.
चिंची पाण्याकडे गेली नाही.
माझ्या हातातलं घड्याळ तिनं मागून घेतलं,
रेघेवर उकिडवी बसली,
टाळ्या नाहीत, "चल, चल" नाही,
नुसती आकड्यांवर नजर.

निकुंभ जाळीपाशी आले.
"किती लागले तिला?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं.
चिंचीनं वर न बघता सांगितलं,
"मागल्या टायमापेक्षा अकरा सेकंद कमी."
आणि मग माझ्याकडे बघत,
"खरंच कमी. मी धरून ठेवलं नव्हतं."